हरभऱ्याची आंब, निंबोळीचा अर्क आणि घाटेअळी

गोदाकाठ | ४ डिसेंबर, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी.

परभणी जिल्ह्यात आमचं साडेतीन एकर रान आहे. आई आणि मी मिळून बघतो. मी नोकरी सांभाळून, ती दिवसभर. यंदा दोन एकर हरभरा आहे, ऑक्टोबरच्या शेवटी पेरलेला, आता वीतभर झालाय आणि फांद्या धरतोय. परवा आभाळ आलं. काल सकाळी तासातून, म्हणजे दोन ओळींमधून, फिरताना कोवळ्या पानांवर पांढुरके डाग दिसले. खाली बसून पाहिलं तर पानाचा हिरवा भाग खरवडून नुसता पापुद्रा उरला होता आणि शेंड्याच्या आत सुतासारखी बारीक अळी. घाटेअळी, म्हणजे घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) पोखरणारी अळी, सुरू झाली.

धागा काढायचं कारण निराळं आहे. हरभऱ्यात पहाटे शिरलं की पाय ओले होतात, ते एकट्या दवाने नाही. पानांवर, देठांवर बारीक लव असते आणि लवेच्या टोकाटोकाला एक थेंब असतो. हीच आंब. बोट फिरवून जिभेला लावलं तर दात आंबतात. आमची आजी थंडीत रात्री जुन्या धोतराचं फडकं हरभऱ्यावर पसरून ठेवायची आणि उजाडायच्या आत ते फडकं पितळी पातेल्यात पिळून घ्यायची. वर्षभर घरात कुणाचं पोट दुखलं की त्यातलं चमचाभर पाण्यातून.

म्हणजे हे झाड स्वतःच्या अंगाला आम्ल चोपडून उभं असतं. मावा, तुडतुडे, पाने खाणाऱ्या बाकीच्या अळ्या, फारसं कुणी याच्या वाटेला जात नाही. मग घाटेअळीच कशी खाते? आणि झाडाचं हे संरक्षण कमी पडतं तेव्हा आपण दुसऱ्या झाडाचं, म्हणजे निंबोळीचं, वरून देतो. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा?

गेल्या वर्षीचा अनुभव सांगते. अर्क केला, फवारला, काही उपयोग झाला नाही. अळ्या बोटाच्या पेराएवढ्या झाल्या होत्या, घाटे पोखरायला लागल्या होत्या, आणि आम्ही फवारलं भर दुपारी अकरा वाजता. चूक कुठे झाली हे आता थोडं कळतंय, पण यंदा नीट समजून करायचं आहे. जाणकारांनी लिहा.

---

काळी_माती | ४ डिसेंबर, रात्री १०.०५

चांगला धागा. आंबेचं वाचून माहेरची आठवण आली. हरभऱ्याचे शेंडे खुडायला गेलं की घरातलं सगळ्यात जुनं लुगडं नेसायचं, कारण आंबेने कापड विरतं. बोटांच्या चिरा संध्याकाळी अशा झोंबायच्या की भाकरी थापवत नसे. खुडलेली भाजी मात्र वाळवून वर्षभर पुरायची.

पाऊस पडला की आंब धुऊन जाते आणि त्यानंतर अळी जास्त दिसते, असं आमचे वडील म्हणायचे. यात तथ्य आहे का?

---

रेणू_पुणे | ५ डिसेंबर, सकाळी ७.५०

गोदाकाठ, माझं काम याच विषयातलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आंबेत मुख्यतः दोन आम्लं असतात, मॅलिक आणि ऑक्झॅलिक. आंबटपणा जिभेला कळतो तो दोन्हींचा, पण अळीवर दोन्हींचा परिणाम सारखा नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आहे, तिथल्या संशोधकांनी १९९५ मध्ये हे दाखवलं. अळीला जे वाण कमी बळी पडतात त्यांच्या पानांवर ऑक्झॅलिक आम्ल जास्त साठलेलं होतं. मग त्यांनी ही आम्लं प्रयोगशाळेतल्या अळ्यांच्या खाद्यात मिसळून पाहिली. मॅलिकने काही फरक पडला नाही. ऑक्झॅलिकने अळ्यांची वाढ खुंटली. लक्षात घ्या, अळीने खाणं सोडलं नाही, खाल्लेलं अंगी लागलं नाही.

वाढ खुंटणं ही लहान गोष्ट नाही. जी अळी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण वाढून कोषात जायची ती जास्त दिवस बारीक राहते. बारीक अळी पक्ष्याच्या, कोळ्याच्या, गांधीलमाशीच्या तोंडी सहज पडते. झाडाला तिला मारायची गरज नसते, तिला उशीर झाला तरी पुष्कळ.

आता ती खातेच कशी? तर ही काही फक्त हरभऱ्यावरची कीड नाही. तूर, कापूस, टोमॅटो, मका, सूर्यफूल, भेंडी असं भारतात १८० हून अधिक वनस्पतींवर ती जगते. इतक्या तऱ्हेच्या झाडांची विषं पचवायची तर आतडं तसंच लागतं. हरभऱ्याच्या पेशींत आंबेशिवाय आणखी एक शस्त्र आहे, अळीच्या पोटातली प्रथिनं पचवणारी विकरं अडवून धरणारे पदार्थ. त्यांना आम्ही अवरोधक म्हणतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं की घाटेअळीच्या आतड्यातली विकरं हरभऱ्याचे हे अवरोधकच तोडून टाकतात. कुलूपच खाऊन टाकलं तर दार उघडंच. त्याच गटाने पुढच्या वर्षी घाटेअळी ज्यांवर जगत नाही अशा वनस्पतींचे अवरोधक वापरले, तेव्हा तिची वाढ अडली, कारण त्यांची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या झाडाचं संरक्षण वरून देतो असं तुम्ही लिहिलंत त्याचा अर्थ इथेच आहे. हरभऱ्याची युक्ती तिने ओळखली आहे. कडुनिंबाची नाही.

काळी_माती, वडिलांचं बरोबर आहे. आंब पानाच्या वरच असते, आत नाही. पावसाने धुतली जाते आणि पुन्हा साठायला वेळ लागतो.

---

गोदाकाठ | ५ डिसेंबर, दुपारी १.१५

रेणूताई, फार आभार. "उशीर झाला तरी पुष्कळ" हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणूनच आपल्या रानात बगळे आणि साळुंक्या येऊ द्यायच्या. हरभऱ्यात ती दरवर्षी थोडी ज्वारी टाकते, पक्ष्यांना बसायला. मी त्याला आजवर नुसती सवय समजत होते.

निंबोळीत नेमकं काय काम करतं, तेही सांगाल का?

---

जालन्याचे_आबा | ५ डिसेंबर, सायंकाळी ६.४०

ताई, रेणूबाई शास्त्र सांगतीलच, मी हाताचं सांगतो. चाळीस वर्षं निंबोळी गोळा करतोय.

ज्येष्ठ-आषाढात निंबोळी पिवळी होऊन पडते. पहिला सडा उचलायचा नाही, तो किडका असतो. मग रोज सकाळी झाडाखाली साडी अंथरायची आणि त्यावर पडलेलीच घ्यायची. मातीत, चिखलात चार दिवस लोळलेली निंबोळी बुरशी धरते, ती कामाची नाही. गर चोळून धुऊन टाकायचा आणि बी सावलीत वाळवायचं. उन्हात नाही. सगळे उन्हातच घालतात आणि मग म्हणतात गुण येत नाही. वाळली की गोणपाटाच्या पोत्यात. प्लास्टिकच्या पोत्यात घाम धरते. आषाढातली निंबोळी मार्गशीर्षात वापरली तर ताजी. गेल्या सालची उरलेली असेल तर खतात घाला.

अर्क असा. पाच किलो बी जाडसर कुटायचं, पार पीठ करायचं नाही. दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायचं. सकाळी काठीने ढवळलं की पाणी दुधासारखं होतं आणि वर फेस येतो. फडक्यातून दोन वेळा गाळायचं, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं. दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा लिटरभर पाण्यात निराळा विरघळवून त्यात टाकायचा, आणि सगळं मिळून शंभर लिटर करायचं. हा झाला पाच टक्के. पंधरा लिटरच्या पंपाला पाऊण किलो बी, असा हिशेब ठेवा. त्याच दिवशी संपवायचा. उद्याला ठेवलेला अर्क म्हणजे नुसतं वासाचं पाणी.

फवारा ऊन उतरल्यावर. शेंडा आणि पानाची खालची बाजू भिजली पाहिजे. त्या दिवशी दिवसभर ओठ कडू लागतात, त्याला इलाज नाही.

---

रेणू_पुणे | ५ डिसेंबर, रात्री ९.३०

आबा, तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक वाक्यामागे कारण आहे. तीच कारणं लिहिते.

निंबोळीतला मुख्य पदार्थ अझाडिरेक्टीन. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये तो वेगळा काढला गेला. रचना इतकी गुंतागुंतीची की केंब्रिजच्या गटाला तो प्रयोगशाळेत पहिल्यापासून बांधायला बावीस वर्षं लागली, २००७ मध्ये ते जमलं. आपल्या बांधावरचं झाड दर उन्हाळ्यात तो पोत्याने करतं.

त्याची कामं दोन. पहिलं, अळीला पान नकोसं होतं. दुसरं आणि मोठं, अळीची कात अडते. अळी वाढते ती कात टाकत टाकत, आणि कात टाकायचा हुकूम एका संप्रेरकाकडून येतो. अझाडिरेक्टीन तो हुकूम वेळेवर सुटू देत नाही. अळी कात टाकायला लागते आणि अर्ध्यात अडकते. भिंग असेल तर फवारणीनंतर पाच-सहा दिवसांनी बघा, जुनं डोक्याचं टरफल तोंडावर तसंच चिकटलेली अळी सापडेल. ती खाऊ शकत नाही.

म्हणून अर्क लहान अळीवर चालतो. तिला अजून चार-पाच वेळा कात टाकायची असते. बोटाच्या पेराएवढ्या अळीची शेवटची कात राहिलेली असते, तोवर तिने घाटे पोखरलेले असतात. आणि म्हणूनच फवारल्यावर दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या शोधायच्या नाहीत.

ऊन का टाळायचं? अतिनील किरणांनी हा रेणू तुटतो, शेतात त्याचं बळ थोडेच दिवस टिकतं. सावलीत वाळवणंही त्याचसाठी. आणि खारं, अल्कधर्मी पाणीही त्याला चालत नाही, किंचित आम्लधर्मी पाण्यात तो जास्त टिकतो. साबण जरुरीपुरताच टाका आणि अर्क लगेच वापरा.

आणखी एक गोष्ट, ही मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. मावा किडीवरचा एक प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला चाळीस पिढ्या शुद्ध अझाडिरेक्टीन दिलं, दुसऱ्याला बियांचा पूर्ण अर्क. शुद्ध पदार्थाला मावा नऊपट प्रतिकारक झाला. पूर्ण अर्काला झाला नाही. बियांत सलानिन, निंबिन असे इतर पदार्थ सोबत असतात, एवढ्या सगळ्यांना एकदम तोंड देणं किडीला जड जातं. घरचा कुटलेला अर्क हा विकतच्या बाटलीपेक्षा गावठी म्हणून कमी नाही.

---

शिवारवाट | ६ डिसेंबर, सकाळी ८.१०

बोअरच्या पाण्याचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे पाण्याने हंड्याला पांढरा थर बसतो. दोन वर्षांपूर्वी पीएचची (आम्ल-अल्क मोजायची) पट्टी बुडवून पाहिली तर आठच्या वर, म्हणजे अल्कधर्मी. तेव्हापासून भिजवायला विहिरीचं पाणी घेतो आणि टाकीत लिंबू पिळून पट्टी सहा-साडेसहावर आणतो. फरक दिसतो.

बाटलीबद्दल माझा अनुभव कटू आहे. तालुक्याच्या एका दुकानातून "नीम" लिहिलेली बाटली आणली. ना पीपीएम (दहा लाख भागांत औषध किती) लिहिलेलं, ना नोंदणी क्रमांक. नुसतं वासाचं तेल निघालं. एक एकर हरभरा त्याच्या भरवशावर ठेवला आणि आठ दिवसांनी पाहिलं तर अळी दुप्पट जाड. वडिलांना काय तोंड दाखवायचं असं झालं होतं. बाटली घ्यायचीच असेल तर अझाडिरेक्टीन किती पीपीएम ते वाचूनच घ्या. १५०० पीपीएमचं असेल तर लिटरला पाच मिली. आणि पक्की पावती मागा.

---

दहापाने | ६ डिसेंबर, दुपारी १२.३०

निंबोळी नसेल त्याने दशपर्णी करावा. कडुनिंब, करंज, सीताफळ, रुई, निरगुडी, टणटणी, एरंड, पपई, धोतरा, कण्हेर, सोबत गुळवेल, हिरवी मिरची, लसूण, शेण, गोमूत्र. दोनशे लिटरच्या टाकीत महिनाभर सावलीत, रोज ढवळायचं. आम्ही सगळ्यावर मारतो, मेथी-पालकावर सुद्धा. झाडपाल्याचं आहे, अपाय काही नाही.

---

सिस्टर_नांदेड | ६ डिसेंबर, दुपारी २.५५

दहापाने, दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मला बोललंच पाहिजे. मी वीस वर्षं रुग्णसेवेत आहे.

धोतऱ्याने बाहुल्या विस्फारलेले, तोंड कोरडं पडलेले, असंबद्ध बडबडणारे रुग्ण मी पाहिले आहेत. कण्हेरीतला पदार्थ थेट हृदयाच्या ठोक्यावर जातो. सीताफळाच्या बिया कुटताना आमच्या शेजारच्या मावशींच्या डोळ्यात भुकटी गेली. रात्रभर डोळा उघडला नाही आणि बुबुळाला जखम झाली होती. तीन आठवडे औषध चाललं. या बियांतला पदार्थ पेशीची ऊर्जा तयार करण्याची क्रियाच बंद पाडतो, अळीची आणि आपलीही.

झाड आपल्यासाठी विष करत नाही, ते खाणाऱ्यासाठी करतं, आणि पालेभाजीच्या बाबतीत खाणारे आपण आहोत. दशपर्णी करा, पण धोतरा आणि कण्हेर वगळा. मेथी, पालक, कोथिंबिरीवर तर मुळीच मारू नका. हातमोजे घाला, डोळ्याला चष्मा लावा, टाकीला झाकण आणि वर ठळक अक्षरात "विष" लिहा. घरात लेकरं असतात.

तंबाखूच्या काढ्याचंही तेच. निकोटीन कातडीतून अंगात जातं. भारतात निकोटीन सल्फेटच्या वापरावर बंदी आहे, ती उगीच नाही. शिवाय तंबाखू टोमॅटोवर मारला तर त्यातून विषाणूचा रोग लागू शकतो.

---

दहापाने | ६ डिसेंबर, सायंकाळी ७.२०

सिस्टर, पटलं. आमच्या टाकीत दोन्ही आहेत. ती टाकी यंदा फक्त कापसाच्या बांधावर वापरतो आणि पुढची त्यांच्याशिवाय लावतो. मुलीला टाकी ढवळायला सांगत होतो, ते आजपासून बंद.

---

कोथरूडची_गच्ची | ७ डिसेंबर, सकाळी १०.००

शेतीतलं मला काही कळत नाही, पण धागा एका दमात वाचला. माझ्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आहेत, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात. दोन दिवसांत फांदी बोडकी केली. निंबोळीचा अर्क मारू का? कढीपत्ता रोज फोडणीत जातो.

आणि गोदाकाठ, आमचे बाबा मूळचे पूर्णेकडचे. आंबेचं त्यांना वाचून दाखवलं तर कितीतरी वेळ गप्प बसले. मग म्हणाले, साठ वर्षांत चाखली नाही.

---

रेणू_पुणे | ७ डिसेंबर, सकाळी ११.१५

कोथरूडची_गच्ची, त्या फुलपाखराच्या अळ्या आहेत. लिंबू, कढीपत्ता, बेल हे एकाच कुळातले, आणि या कुळाच्या पानांतली जी उग्र वासाची तेलं बाकीच्या अळ्यांना दूर ठेवतात, त्यांच्याच वासावर ही फुलपाखरं अंडी घालायला येतात. रुईवरच्या अळीचंही तसंच. ती तर रुईचं विष अंगात साठवून ठेवते, म्हणून पक्षी तिला सोडून देतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं, त्याची अळीही लिंबाच्याच कुळावर वाढते.

काही मारू नका. हाताने उचला आणि शेजारी एखादं वाढलेलं लिंबाचं झाड असेल तर त्यावर ठेवा. कढीपत्ता पुन्हा फुटतो.

---

बांधावरून | ७ डिसेंबर, रात्री ८.४५

मी कृषी पदवीधर आहे, सध्या हिंगोली भागात गटशेतीचं काम बघतो. एक महत्त्वाची बाजू राहिली आहे.

आंब अळीला त्रास देते तशी आपल्या मित्रांनाही देते. ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा या मित्रकिडीचं कार्ड, लावून घाटेअळीची अंडी नष्ट करतात, ते टोमॅटोत चालतं, हरभऱ्यात चालत नाही. ट्रायकोग्रामा ही इतकी इवलीशी माशी की त्या चिकट, आंबट लवेत तिला चालताच येत नाही. हरभऱ्यावर कार्डाचे पैसे घालवू नका.

घाटेअळीला रोग लावणाऱ्या विषाणूचं, म्हणजे एचएएनपीव्हीचं, थोडं असंच आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की हरभऱ्याच्या पानावरचे आयसोफ्लॅव्होन जातीचे पदार्थ या विषाणूला निकामी करतात. कापसावर जितका गुण येतो तितका हरभऱ्यावर येत नाही, तो याच कारणाने. तरीही वापरावा, हेक्टरी ५०० एलई (एक एलई म्हणजे एका रोगट अळीएवढा विषाणू), संध्याकाळी, नीळ घालून म्हणजे उन्हापासून थोडा आडोसा मिळतो. अळ्या बारीक असल्या तर नक्की लागतो. आठवड्याने शेंड्याला उलट्या लटकलेल्या, काळ्या पडलेल्या अळ्या दिसल्या की समजावं लागला.

जो मित्र हरभऱ्यात टिकतो तो म्हणजे कॅम्पोलेटिस, बारीक गांधीलमाशी. ती लहान अळीच्या अंगात अंडं घालते. पानावर तांदळाच्या दाण्याएवढा, काळ्या ठिपक्यांचा राखाडी कोष दिसला तर तो तिचा आहे, चिरडू नका. रेणूताईंनी म्हटलं तसं आंबेने अळी जास्त दिवस लहान राहिली की हिला तितके दिवस जास्त मिळतात. दुपारी जहाल औषध मारलं की आधी हीच मरते.

गोदाकाठ, एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सापळ्यात ओळीने दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग आले, किंवा मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या, की फवारणीची वेळ झाली. एक अळी तीस-चाळीस घाटे खाते, त्यामुळे घाटे धरायची वाट बघू नका.

---

गोदाकाठ | ७ डिसेंबर, रात्री ९.५०

मीटरची काठी घेऊन आज दहा ठिकाणी मोजलं. सरासरी दोनच्या जवळ. उद्या रात्री निंबोळी भिजत घालते. दीड एकर फवारणार आणि बांधाकडचा अर्धा एकर तसाच सोडणार, म्हणजे फरक नेमका कळेल. आईला हे पटत नव्हतं, "अर्धा एकर अळीला दान का?" म्हणाली. पण गेल्या वर्षी आपल्याला कळलंच नाही काय चुकलं, हे सांगितल्यावर कबूल झाली.

---

जालन्याचे_आबा | ७ डिसेंबर, रात्री १०.१०

बरं केलंस. निंबोळीचं एक जुनं सांगतो. १९६२ ला दिल्लीकडे टोळधाड आली होती, तेव्हा पुसाच्या, म्हणजे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या, शास्त्रज्ञांनी निंबोळीच्या मगजाचं ०.१ टक्क्याचं पाणी उभ्या पिकावर मारलं. टोळ येऊन बसले पण पान खाल्लं नाही. आमच्या गुरुजींनी शाळेत सांगितलं होतं, पुढे मी ते छापलेलंही वाचलं. तेव्हापासून या झाडावर माझा जीव आहे.

---

शिवारवाट | ८ डिसेंबर, सकाळी ७.३०

आबा, आणि तरीही युरोपात १९९४ मध्ये निंबोळी तेलाच्या बुरशीनाशकाचं पेटंट अमेरिकेच्या कृषी खात्याला आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला दिलं गेलं होतं. भारतातून पुरावे गेले, हे ज्ञान आमच्याकडे आधीपासून आहे म्हणून. २००० मध्ये ते पेटंट रद्द झालं, आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. पोत्यात निंबोळी भरताना हे मला दरवेळी आठवतं.

---

गोदाकाठ | २ जानेवारी, रात्री ८.३०

मंडळी, सांगितल्याप्रमाणे हिशेब घेऊन आले आहे.

पहिली फवारणी ९ डिसेंबरला संध्याकाळी पाचनंतर. विहिरीचं पाणी, लिंबू पिळून. तीन दिवस काहीच दिसलं नाही. आई रोज संध्याकाळी विचारायची आणि माझा धीर सुटत चालला होता. पाचव्या दिवशी भिंग घेऊन बसले. पहिल्या वीस अळ्यांत सात अशा होत्या की मागचं अंग नव्या कातीचं, फिकट, आणि तोंडावर जुनं काळं टरफल तसंच घट्ट बसलेलं. बोटावर घेतली तर डोकं हलवत होती पण पानाला तोंड लावता येत नव्हतं. आईला भिंगातून दाखवलं. बराच वेळ बघत राहिली.

आठव्या दिवशी मोजलं. फवारलेल्या रानात मीटरला एकापेक्षा कमी, न फवारलेल्या अर्ध्या एकरात तीन ते चार. दुसरी फवारणी फुलं लागताना, २२ डिसेंबरला. त्यानंतर अर्ध्या एकरातही अळी वाढू लागल्याने तिथे विषाणू मारला, नीळ घालून. काल तिथे उलट्या लटकलेल्या अळ्या सापडल्या. राखाडी कोषही मिळाले, सगळ्या रानात मिळून अकरा मोजले. ते तसेच ठेवले आहेत. ज्वारीच्या ताटांवर सकाळी साळुंक्यांची गर्दी असते.

आता घाटे भरतायत. पोखरलेला घाटा शोधावा लागतो, गेल्या वर्षी न पोखरलेला शोधावा लागत होता.

कोथरूडची_गच्ची, परवाच्या पहाटे आईने धोतराचं फडकं हरभऱ्यावर अंथरलं होतं. फवारलेल्या रानात नाही, विहिरीकडच्या चार ओळींत, तिथे आम्ही काहीच मारलेलं नाही. पाव बाटली निघाली. बाबांना मुतखड्याचा त्रास असेल तर मात्र देऊ नका, रेणूताईंना मी मुद्दाम विचारलं, ऑक्झॅलिक आम्ल त्यांना चालणार नाही. तसं नसेल तर पाण्यातून अर्धा चमचा, चवीपुरता. शनिवारी माझा भाऊ रेल्वेने पुण्याला येतोय, कुठे द्यायची ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

कोथरूडची_गच्ची | २ जानेवारी, रात्री ९.०५

त्रास नाही. व्यनि केला आहे. बाबा आत्ताच विचारतायत, बाटली काचेची आहे ना?

---

गोदाकाठ | २ जानेवारी, रात्री ९.१२

काचेचीच. आईने बूच मेणाने बंद केलंय.